डोहाळे: थट्टेमागचा जुना प्रश्न

मोशी, भोसरी किंवा चाकणमधलं डोहाळजेवण म्हटलं की नवऱ्याची थट्टा ठरलेली. तो सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री घरी येतो आणि बायकोला नेमकी तेव्हाच भेळ हवी असते. "डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळेल," असं म्हणत सासूबाई त्याला परत गाडी काढायला लावतात.

लाळेची भीती आधी मनातून काढा. दात यायच्या सुमारास बहुतेक बाळांची लाळ गळतेच. डोहाळ्यांचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे.

'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद', प्राकृत 'दोहल' यांवरून आला. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटलंय, म्हणजे दोन हृदयांची: एक तिचं, एक बाळाचं. म्हणून तिची इच्छा ती बाळाचीही इच्छा, असं मानत.

कालिदासाच्या 'रघुवंशा'त तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणेला माती खायचे डोहाळे लागतात. तिच्या तोंडाला येणारा मातीचा वास घेताना राजा दिलीपाचं मन भरत नाही. काव्यात हे गोड वाटतं. दवाखान्यात मात्र माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा सतत बर्फ खावासा वाटणं याला 'पायका' म्हणतात, आणि अनेकदा त्यामागे शरीरातली लोहाची कमतरता असते. माती खाऊन लोह भरून निघत नाही. उलट जंत होऊ शकतात, शिसं पोटात जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट आपल्याच मातीतली. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठून आत वळलं की जुन्नर. तिथे आणि नाणेघाटात सातवाहनांच्या खुणा आहेत. त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा प्राकृत संग्रह आहे. त्यातल्या एका गाथेत गरीब घरातल्या गर्भवतीला डोहाळे विचारतात. नवऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून ती फक्त पाणी मागते.

ती बाई आजही भेटते. चाकणच्या भाड्याच्या खोलीत तिला कुणी विचारलं तर "काही नको" म्हणते. पेन्सिल खाते हे हसतील म्हणून सांगत नाही. अशा वेळी थट्टा महागात पडते, कारण गरोदरपणातला ॲनिमिया आईला थकवतो, बाळाचं वजन कमी करू शकतो आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर धोका वाढवतो.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गरोदरपणात तो ॲनिमिया समजतात. त्यासाठी देशात 1970 पासून लोहाच्या गोळ्यांचा सरकारी कार्यक्रम आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० दिवसांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळी होते, घाबरू नका.

डोहाळजेवणात थट्टा जरूर करा. पण नंतर तिला एकटीला गाठून विचारा, "खरंच काय खावंसं वाटतं गं?" उत्तर माती, खडू किंवा बर्फ आलं तर हसू नका, तपासणीला घेऊन या. आणि "काही नको" म्हणाली तर पुन्हा एकदा विचारा.