माणसे वाढवूनही तोफ रिकामीच!

अंतराळयान बांधून लढविण्याच्या संगणकीय खेळांत ‘कॉस्मोटीअर’ने आपले वेगळे स्थान निर्माण केले आहे. वॉल्ट डेस्टलर यांनी घडविलेला हा खेळ ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘स्टीम’वर दाखल झाला. या यानात रिअॅक्टरमधील ऊर्जा तारांतून वाहत नाही. यानावरील कर्मचारी ती बॅटऱ्यांच्या रूपाने उचलून तोफा, कवचयंत्रणा व इंजिनांपर्यंत नेतात. दारूगोळाही त्यांनाच पोचवावा लागतो.

माणसांपेक्षा अंतर महत्त्वाचे

ऐन लढाईत तोफ थंडावली, की नवखा खेळाडू कर्मचारी वाढवितो. मात्र वाढत्या माणसांसाठी निवासाच्या खोल्या लागतात, यान जड होते आणि हेलपाट्यांचे अंतरही वाढते. खरा उपाय मांडणीत आहे. खोल्या कामाच्या जागेजवळ असाव्यात, मार्ग सरळ असावेत, तोफेलगत दारूगोळ्याचा छोटा साठा असावा. कोणी काय वाहायचे आणि कोणत्या साठ्यातून कोठे पुरवठा करायचा, हेही ठरवून देता येते. अर्थात, जवळीकीलाही मर्यादा आहे. रिअॅक्टर उद्ध्वस्त झाला तर त्याचा स्फोट होतो. त्यामुळे तो यानाच्या दर्शनी भागात ठेवणे घातक ठरते.

फडातील तेच गणित

वाहतुकीचे हे गणित बीड जिल्ह्याला नवे नाही. उमापूर ज्या गेवराई तालुक्यात आहे, त्या तालुक्यासह जिल्ह्याच्या अनेक भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम ‘उचल’ देऊन अशा कोयत्यांची टोळी बांधतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा लागतो. विलंब होईल तसे त्याचे वजन आणि साखरेचा उतारा घटत जातो. म्हणूनच जवळच्या फडांसाठी बैलगाड्या, दूरच्या फडांसाठी ट्रॅक्टर व ट्रक, आणि कारखान्याच्या शेतकी विभागाने आखलेला तोडणी कार्यक्रम अशी व्यवस्था असते.

कारखान्याच्या आवारात वाहनांची रांग लागली, तर फडात कोयते वाढवून काहीच साधत नाही. गव्हाणीची क्षमता तेवढीच राहते आणि तोडलेला ऊस वाळत पडतो. तोडणी, वाहने आणि गाळप यांचा वेग जुळविणे, हाच येथेही उपाय ठरतो.

प्रतीक्षेची किंमत

साम्य येथेच संपते. खेळातील कर्मचारी रिकामा उभा राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. टोळीची मजुरी मात्र टनावर असते. वाहन आले नाही, तर तो वेळ बिनमोलाचा जातो; ते मध्यरात्री आले, तर मोळ्या मध्यरात्रीच भराव्या लागतात. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली. परंतु ही वाढ तोडलेल्या उसावर मिळते, वाहनाची वाट पाहण्यात गेलेल्या तासांवर नव्हे. त्यामुळे वाहनांच्या वेळा आधी ठरवून त्या पाळल्या जाणे, हा साखर उताऱ्याइतकाच मजुरांच्या कमाईचा आणि झोपेचाही प्रश्न आहे.