न सांगितलेला दोष

1872 च्या भारतीय करार कायद्यात, सतराव्या कलमाखाली, एक घोडा उभा आहे. कपट म्हणजे काय हे समजावण्यासाठी कायदा करणाऱ्यांनी तो तिथे आणून बांधला. क हा ख ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे क ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, पण ख ही क ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळेच बोलणं हे क चं कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात ख म्हणतो की तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. क गप्प राहतो. इथे त्याचं गप्प राहणं हेच बोलणं. चौथ्या उदाहरणात घोडा नाही, दोन व्यापारी आहेत. एकाला भाव बदलणार असल्याची आतली बातमी आहे, पण ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही.

करारनामे आणि लिलावाच्या नोटिसा मराठीत-हिंदीत आणणं हे माझ्या पोटापाण्याचं काम, त्यामुळे हा घोडा वारंवार भेटतो. अलीकडे तो जास्तच आठवतो, कारण भिलाईत आता जुना फ्रिज, कूलर, स्कूटर सगळं मोबाइलवरून विकलं जातं. तिथे खरा प्रश्न बहुधा खोटं बोलण्याचा नसतो. न बोलण्याचा असतो.

भिलाई हे जुन्या वस्तूंचं गाव आहे असं कुणी म्हणत नाही. इथली ओळख नव्या पोलादाची. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरातून माणसं आली आणि सेक्टरांतल्या क्वार्टरांत राहू लागली. क्वार्टर कारखान्याचं, त्यामुळे बदली झाली किंवा निवृत्ती आली की ते सोडायचं आणि संसार आवरायचा. केरळला किंवा विदर्भात परतणारं कुटुंब लोखंडी कपाट बरोबर नेत नसे. ते शेजारी जाई, नाहीतर त्याच मिलमधल्या कुणाकडे. विकणारा आणि घेणारा एकाच पाळीत काम करत. कपाटाचं कुलूप अडकतं हे सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी तोंड दाखवायचं कसं? कायद्याच्या भाषेत बोलायचं तर सेक्टरातला प्रत्येक ख हा थोडासा क ची मुलगी होता. हे काही मोठं सद्गुणांचं राज्य नव्हतं. ओळखीचा धाक होता, एवढंच.

ओळख नसेल तेव्हा काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत आणि नारद स्मृतीत खरेदी-विक्रीनंतरच्या पश्चात्तापाचं स्वतंत्र प्रकरण आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची चर्चा केली आहे. याज्ञवल्क्य पारखून पाहण्याच्या मुदती देतो: बियाण्याला 10 दिवस, लोखंडाला 1, ओझ्याच्या जनावराला 5, रत्नांना 7, दुभत्या जनावराला 3. पोलादाच्या गावात बसून वाचताना लोखंडाच्या त्या एका दिवसाचं हसू येतं. पण त्याच यादीत दासीसाठी एक महिना आणि दासासाठी पंधरवडा आहे. न्याय इथे फक्त घेणाऱ्याला होता. विकल्या जाणाऱ्या माणसाला कुणी विचारत नव्हतं. जुन्या ग्रंथांचा अभिमान बाळगताना ही ओळ गाळून पुढे जाता येत नाही.

नारद आणखी बारकाईत शिरतो. घेतलेली वस्तू मनाला आली नाही तर त्याच दिवशी, जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा लागे, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याची. चांगली वस्तू दाखवून सदोष वस्तू हाती देणाऱ्यानं घेणाऱ्याला दुप्पट किंमत द्यावी आणि तेवढाच दंडही भरावा. फोटो एकाचा आणि माल दुसराच, ही तक्रार इतकी जुनी आहे. जुन्या कपड्यांविषयी मात्र नारद वेगळं सांगतो. विरलेलं, मळलेलं वस्त्र घेतानाच तसं होतं, तर ते परत करता येणार नाही. म्हणजे वापरलेल्या वस्तूचा दोष हा दोष नाहीच, अट एकच की तो घेताना डोळ्यांसमोर हवा.

रोममध्येही याच प्रश्नावर वाद झाले. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकुमानुसार गुलाम आणि जनावरं विकणाऱ्याला दोष जाहीर करावे लागत. इसवी सनापूर्वी 44 मध्ये सिसेरोनं कर्तव्यांवरच्या ग्रंथात एक पेच मांडला. ऱ्होड्‌स बेटावर दुष्काळ आहे. धान्याचं जहाज घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की मागून आणखी जहाजं येताहेत. त्यानं हे सांगावं का? एक तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढंच सांगावं. दुसरा म्हणतो, सगळं सांगावं. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूनं आहे. 1872 चा कायदा चौथ्या उदाहरणात नेमका उलट्या बाजूला जाऊन बसला.

फसवणूक विकणाराच करतो असंही नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आठवून पाहा. आपल्या आयांनी तिच्याशी तासन्‌तास घासाघीस केली. पातेलं मोठं मिळालं की घरात विजयाचं वातावरण असे. पण विटलेल्या शालूच्या काठातली जर जाळली की चांदी निघते, हे जिला ठाऊक ती गप्प असे. आतली बातमी तिच्याकडे होती. अर्थात दारोदार ओझं वाहणाऱ्या त्या बाईच्या गप्प राहण्यावर बोट ठेवताना आपणही साडीची फाटकी बाजू आत घडी घालून पुढे करत होतो, हेही मांडायला हवं. घडी घालणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण नुसतं गप्प राहणं आणि दोष झाकण्यासाठी काही करणं, यांत कायदाही फरक करतो. जाणूनबुजून झाकणं हे त्याच सतराव्या कलमात कपट म्हणून नोंदलेलं आहे. गंजलेल्या कूलरबद्दल न बोलणं वेगळं आणि गंजावर ताजा रंग मारून फोटो काढणं वेगळं.

आता ऑनलाइन बाजाराकडे येऊ. त्याची सुरुवात गंमतीनं एका सांगितलेल्या दोषापासून झाली. सप्टेंबर 1995 मध्ये अमेरिकेत पिएर ओमिद्यार यानं पुढे ईबे झालेलं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, किंमत 14.83 डॉलर. मोडका आहे हे कळलंय ना, असं त्यानं घेणाऱ्याला विचारलं. उत्तर आलं की मी मोडकेच जमवतो. 1996 मध्ये तिथे एकमेकांविषयी शेरे लिहिण्याची सोय झाली. गावातल्या ओळखीची जागा ताऱ्यांनी घ्यावी, अशी ती कल्पना. पण वाईट शेरा लिहिला की समोरचाही उलट वाईट लिहितो, म्हणून लोक गप्प बसू लागले. 2008 मध्ये ईबेनं विक्रेत्यांना ग्राहकांविषयी वाईट शेरा देण्याची मुभाच काढून घेतली. आधी दोषाबद्दल मौन होतं, मग ते शेऱ्यांतही शिरलं.

या मौनाची किंमत कोण मोजतो? जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. 2001 मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. म्हणणं साधं आहे. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि रद्दी गाडी ओळखता येत नसेल, तर तो मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, निघून जातो. उरलेल्या गाड्यांचा दर्जा घसरतो, भाव आणखी पडतो, पुन्हा कुणीतरी निघून जातं. म्हणजे गप्प राहणारा विक्रेता फक्त घेणाऱ्याला बुडवत नाही, दोष सांगणाऱ्या दुसऱ्या विक्रेत्यालाही बाजारातून हाकलतो. त्या निबंधात भारतही आहे. बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे वेचणाऱ्या गृहिणीचं उदाहरण त्यांनी दिलं आहे.

हे मी शेजारी घडताना पाहिलं. रेल मिलमधून निवृत्त झालेल्या काकांनी फ्रिजची जाहिरात माझ्याकडून लिहून घेतली. ‘कंडिशन एक नंबर’ असं लिहायला त्यांनी साफ नकार दिला. कॉम्प्रेसर दोन वर्षांपूर्वी बदलला आहे, खालचा पत्रा गंजला आहे, दाराचं रबर ढिलं आहे, असं सगळं त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. फोन आले ते गंजलेल्या पत्र्याचेच. प्रत्येकानं तेवढं एक वाक्य धरून भाव पाडला. त्याच आठवड्यात त्याच कंपनीचा, त्याच सालचा, एका ओळीच्या जाहिरातीतला फ्रिज दोन दिवसांत गेला. काकांचा तीन आठवड्यांनी गेला, आणि कमी भावात. आपण नेहमी विक्रेत्यानं खरं सांगावं म्हणतो. पण सांगितलेला दोष हत्यारासारखा वापरणारा ग्राहक पुढच्या विक्रेत्याला गप्प राहायला शिकवतो, हे लक्षात घेत नाही. न सांगणाऱ्याच्या फ्रिजचा पत्राही गंजलेला असेल, हे गृहीत धरून भाव करणं ही घेणाऱ्याची प्रामाणिकता.

कायदा इथे फारसा धावून येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मध्ये आले, पण नियमित धंदा म्हणून नव्हे तर वैयक्तिक पातळीवर काही करणाऱ्या माणसाला ते लागू नाहीत. 1930 चा मालविक्री कायदा दर्जाची जी हमी गृहीत धरतो, तीही मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून. घरचा फ्रिज विकणारा पुन्हा आपल्या घोड्यापाशीच येतो. शिवाय एकोणिसावं कलम सांगतं की साध्या काळजीनं सत्य कळण्यासारखं असेल, तर मौनानं फसलेल्याला करार मोडता येत नाही. पण राजनांदगावात बसून सहा फोटो पाहणाऱ्याची साधी काळजी म्हणजे किती?

भिलाईतच याचं एक उत्तर आहे, तेही ऑनलाइन. पोलाद कारखान्यांचं भंगार आणि निकामी यंत्रसामग्री ई-लिलावात विकली जाते. एमएसटीसी ही 1964 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी हेच काम करते. ‘सेल’ आणि टाटा स्टील यांनी 2001 मध्ये मिळून काढलेली एमजंक्शनही त्यातलीच. या लिलावांची अट ठरलेली: ‘जसे आहे, जेथे आहे’. अनुवादात हे चार शब्द रुक्ष वाटतात, पण त्यांत एक सचोटी आहे. मी कसलीही हमी देत नाही, हे विकणारा आधीच उघड सांगतो. आणि बोलीपूर्वी माल येऊन पाहायला वेळ देतो. नारदाचा नियमही हाच होता, की दोष डोळ्यांसमोर असू दे. मोबाइलवरच्या जाहिरातीत ‘एक नंबर’ ही हमी असते आणि पाहायची सोय मात्र नसते.

या सगळ्याहून वेगळी गोष्ट म्हणजे निव्वळ चोरी. लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली म्हणून गाडी स्वस्तात काढतोय, असं सांगून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार देशभर झाले. कारखान्याच्या फाटकावर सीआयएसएफचा पहारा असलेल्या गावात ही कहाणी चटकन खरी वाटते, कारण बदलीचा संसार इथे खरोखर विकला जात आला आहे. ठग आपल्याच गावाची खरी गोष्ट उसनी घेतो. त्यावर उपाय वेगळे: वस्तू पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही हे लक्षात ठेवायचं, आणि फसलोच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवायचं. मालविक्री कायद्याचं साल आणि सायबर गुन्ह्यांच्या मदतवाहिनीचा क्रमांक एकच असणं हा योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

ठगाला प्रामाणिक करता येत नाही. शेजाऱ्याला बोलतं मात्र करता येतं, आणि त्यासाठी कायद्यातलं तिसरं उदाहरण हाताशी आहे. जुनी वस्तू घेताना पैसे देण्याआधी एक वाक्य लिहून पाठवावं: ‘यात तुम्हांला माहीत असलेला काही दोष असेल तर सांगा. काही कळवलं नाहीत तर नाही असं समजून घेतो.’ एवढ्यानं पहिल्या उदाहरणातला घोडा तिसऱ्यात येतो आणि मौनाला अर्थ चिकटतो. आणि उत्तरादाखल कुणी गंजलेला पत्रा कबूल केला, तर त्याच पत्र्याचा दोनदा भाव करू नये.