वाकड्या लाकडाचं धनुष्य

उसाच्या वाकडेपणावरचा चोखोबांचा अभंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतो. त्यात उसाबरोबर कमानीचाही दाखला आहे, तो मात्र पटकन आठवत नाही. कमानीचा वाकडेपणा बाणात उतरत नाही, असा.

पण ओढल्यावर वाकणारं धनुष्य वेगळं आणि मुळात वाकडं वाढलेलं झाड वेगळं. रोपटंच वेडंवाकडं असेल, मधे गाठी असतील, तर त्याचं धनुष्य होतं का? होतं. फक्त त्याला सरळ करायला जायचं नाही.

कारण सोपं आहे. धनुष्य ओढलं की लाकडाची बाहेरची बाजू (पाठ) ताणली जाते आणि आतली (पोट) दाबली जाते. पाठीवरचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असले तरच तो ताण सोसतात. वाकड्या लाकडातून रंधा मारून सरळ पट्टी काढली, तर वळणावर तंतू कापले जातात आणि धनुष्य नेमकं तिथेच मोडतं. म्हणून कारागीर पाठीला शक्यतो हात लावत नाही. पोटाच्या बाजूनं, लाकडाच्या वळणाबरोबर वळत, थोडं थोडं तासतो. मग जरासं वाकवून बघायचं. जिथे ताठ आहे तिथे खरवडायचं, जिथे जास्त वाकतंय तिथे थांबायचं. दोरी मुठीच्या रेषेत आली आणि दोन्ही बाजू सारख्या वाकल्या की झालं. दिसायला सापासारखं का असेना!

हे काही फक्त गरिबांचं शहाणपण नव्हे. इंग्लंडला धनुष्यासाठी यू नावाच्या झाडाचं चांगलं लाकूड इतकं कमी पडायचं की व्यापारी जहाजांनी मालाबरोबर धनुष्याची लाकडंही आणलीच पाहिजेत, असा कायदा १४७२ मध्ये झाला. पुढे १५४५ मध्ये आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडालं. १९८२ मध्ये ते वर काढलं. या जहाजावर सव्वाशेहून जास्त अखंड धनुष्यं सापडली. त्यांत जिथे गाठ आहे तिथे कारागिरानं ती तासून सपाट केलेली नाही, उलट भोवती जास्तीचं लाकूड राखलंय. राजाच्या आरमाराचं काम, तरी गाठीचा मान ठेवलेला!

आता ज्यांच्याकडे बाहेरून लाकूड आणणारी जहाजं नव्हती, त्यांचं बघा. अमेरिकेतल्या नेवाडाच्या कोरड्या डोंगरांत ज्युनिपरची झाडं अगदी पिळवटलेली वाढतात. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यातला एखादा सरळ रेषांचा भाग हेरून उभ्या झाडावर वर आणि खाली खाचा पाडल्या. मधली पट्टी झाडावरच सुकू दिली आणि नंतर ती काढून घेतली. काही झाडांवर अशा पट्ट्या पुन्हा पुन्हा काढल्याच्या खुणा आहेत. झाड न तोडता धनुष्य!

शेजारच्या कॅलिफोर्नियात याही लोकही ज्युनिपरचीच धनुष्यं करत. ती विद्या आपल्यापर्यंत पोचली ती मात्र फार दुःखद वाटेनं. १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी याहींच्या कत्तली केल्या. उरलेली मूठभर माणसं सुमारे चाळीस वर्षं डोंगरदऱ्यांत लपून राहिली. १९०८ मध्ये जमीन मोजणाऱ्यांची एक तुकडी त्यांच्या तळावर पोचली आणि त्यांच्या वस्तूही उचलून घेऊन गेली. १९११ च्या ऑगस्टमध्ये त्यांतला शेवटचा माणूस ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी सापडला. त्यानं स्वतःचं नाव कधीच सांगितलं नाही, म्हणून त्याला 'इशी' म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस', एवढाच.

इशी सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात राहू लागला. तिथे सॅक्स्टन पोप नावाच्या शल्यविशारदाशी त्याची मैत्री झाली आणि डॉक्टर त्याचा शागीर्द झाला. लाकूड तापवून टोकं गुडघ्यावर कशी वाकवायची, पाठीवर हरणाच्या स्नायूंचे चिवट धागे कसे चिकटवायचे, हे इशीनं दाखवलं. झाडात जे टोक वर होतं तेच धनुष्यातही वर हवं, असा त्याचा नियम होता. आणि काम नसताना धनुष्य उभं ठेवायचं नाही, आडवं ठेवायचं. उभं राहिलं तर ते राबतच राहतं, थकतं!

इशी १९१६ मध्ये क्षयानं गेला. मृतदेहाची चिरफाड त्याच्या लोकांना मान्य नसे. तरीही शवविच्छेदन झालं आणि त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये गेला. तो त्याच्या नात्यातल्या जमातींना परत मिळायला २००० साल उजाडलं.

पोपनं १९१८ मध्ये याही धनुर्विद्येवर प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये धनुष्यबाणानं करायच्या शिकारीवर पुस्तक. अमेरिकेतले आजचे हौशी धनुर्धारी स्वतःला याच परंपरेतले मानतात. विद्या वाचली, याचा आनंद आहेच. पण झाड न मारता त्यातून धनुष्य काढणं जमू शकतं, हे त्याच मुलखात दिसत होतं, आणि माणसांच्या बाबतीत मात्र ते कुणाला सुचलं नाही. इशीनं ही कला डॉक्टरला शिकवली, कारण शिकवायला त्याचं स्वतःचं पोर एकही उरलं नव्हतं.