'टॅव्हर्न' या शब्दाची कुळकथा

इंग्रजी साहित्य मराठीतून शिकवताना 'टॅव्हर्न', 'इन' आणि 'एलहाउस' या तिन्ही शब्दांना 'दारूचा गुत्ता' हा एकच प्रतिशब्द सर्रास दिला जातो. मूळ वाचकाला मात्र या तीन नावांतून तीन निरनिराळ्या जागा दिसत असत.

'टॅव्हर्न'चे मूळ लॅटिन 'टॅबर्ना'. त्याचा अर्थ झोपडी, खोपट आणि पुढे दुकान. रोममध्ये पुस्तकविक्रेत्याचे दुकानही 'टॅबर्ना'च असे. मद्याशी या शब्दाचे मुळात नाते नव्हते. याच शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपाचा अर्थ तंबू. लॅटिन बायबलमधून ते इंग्रजीत 'टॅबरनॅकल' होऊन आले आणि मराठी बायबलमध्ये त्याचा 'निवासमंडप' झाला. देवाचा मंडप आणि मद्याचे दुकान अशी ही एकाच कुळातील दोन भावंडे! तेराव्या शतकाच्या सुमारास 'टॅव्हर्न' फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तो द्राक्षमद्य विकण्याची जागा या अर्थाने.

'इन' हा अस्सल इंग्रजी शब्द. त्याचा जुना अर्थ निवास. लंडनमधील वकिलांच्या 'इन्स ऑफ कोर्ट' या संस्थांच्या नावात तो टिकून आहे. 'इन'मध्ये प्रवाशाला मुक्काम मिळे. एलहाउसमध्ये सामान्य माणूस जवाची एल पीत असे. १५५२ च्या कायद्याने एलहाउस चालवण्यास परवाना आवश्यक झाला. १५७७ च्या गणनेत एलहाउस १४,००० हून अधिक, इन सुमारे १,६०० आणि टॅव्हर्न जेमतेम ३३० भरली. आयात केलेले द्राक्षमद्य महाग असल्याने टॅव्हर्न खिसा जड असणाऱ्यांचेच ठिकाण राहिले.

हा भेद ध्यानात घेतला, की पाठ्यपुस्तकातील प्रसंग वेगळे दिसू लागतात. चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला निघण्यापूर्वी सदर्कमधील 'टॅबर्ड' या इनमध्ये उतरतात. तिथे 'गुत्ता' म्हटले, की यात्रेकरूंचा मेळा मद्यपींचा होतो. 'सराई' हा शब्द त्याहून कितीतरी जवळचा. उलट, फॉल्स्टाफ ईस्टचीपच्या टॅव्हर्नमध्ये 'सॅक' हे परदेशी द्राक्षमद्य पितो, तेही बहुधा उधारीवर. ऐपतीपलीकडची ही चैन त्याच्या स्वभावचित्राचाच भाग आहे. गुत्त्यावर बसवलेल्या फॉल्स्टाफमधून नेमकी तीच हरवते.

शिवाय 'गुत्ता' या शब्दाला त्याचा स्वतःचा इतिहास आहे. त्याचा मूळ अर्थ मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही 'गुत्तेदार' म्हणतात. दारूविक्रीच्या मक्त्यावरून तो दुकानाला चिकटला. म्हणजे 'टॅव्हर्न'च्या मुळाशी खोपट आहे, तर 'गुत्त्या'च्या मुळाशी महसूल.

मग प्रतिशब्द कोणता? शेक्सपिअरपुरता तरी 'टॅव्हर्न' तसाच ठेवावा, असे वाटते. त्याचेच लॅटिन कूळ सांगणारा 'तावेर्न' पोर्तुगीजांबरोबर गोव्यात येऊन केव्हाच रुळला आहे. तेव्हा हा पाहुणा आपल्या किनाऱ्याला अगदीच अनोळखी नाही.