शिंपल्याशेजारची चिठ्ठी

पदार्थसंग्रहालयांतील शंख पाहून आपण त्याचा रंग वाखाणतों. शास्त्रज्ञ मात्र शेजारची चिठ्ठी वाचतो. हा जीव कोठें व केव्हां सांपडला, हें ती सांगते. ऑस्ट्रेलियांत मेलबर्नच्या राष्ट्रीय संग्रहालयांत होप मॅक्फर्सन यांनीं अशा नोंदी करण्यांत आपली उमेद वेंचली. १९४६ सालीं त्या मृदुकाय प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या संस्थेंत असें पद मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. १९५७ सालीं सुरू झालेल्या पोर्ट फिलिप उपसागराच्या पाहणींत त्यांचा मोठा वाटा होता. १९५९च्या डिसेंबरांत टास्मानियाच्या दक्षिणेस दूरवर असलेल्या मॅक्वारी बेटावर चौघी शास्त्रज्ञ स्त्रिया गेल्या, त्यांतही त्या होत्या. तोंवर सरकारच्या दक्षिणध्रुवीय मोहिमांत स्त्रियांना मज्जाव असे. १९६२ सालीं चार्ल्स गॅब्रिएल यांच्यासह त्यांनीं व्हिक्टोरियाच्या सागरी मृदुकायांवर ग्रंथ लिहिला. १९६५ सालीं त्यांचा विवाह झाला, आणि तत्कालीन नियमाप्रमाणें पद सोडावें लागलें! पुढें त्या शिक्षिका झाल्या.

पद गेलें, पण चिठ्ठ्या राहिल्या. समुद्रांत पूर्वीं काय होतें हें लिहिलेलें नसेल, तर काय नाहींसें झालें हें कळावें कसें? आणि तें न कळतां उरलेलें राखावयाचें तरी कसें?