भगवानदादा आणि ‘अलबेला’चा बँड

लग्नमंडपात ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजू लागले, की थोरामोठ्यांची पावलेही नकळत ताल धरतात. अशा वेळी आम्हांला १९५१ सालच्या ‘अलबेला’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्या चित्रपटाचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक होते भगवान आबाजी पालव, अर्थात भगवानदादा. १९१३ साली जन्मलेला हा गिरणी कामगाराचा मुलगा मूकपटांच्या काळात चित्रसृष्टीत आला. १९३८ साली ‘बहादूर किसान’च्या सहदिग्दर्शनाने त्यांची दिग्दर्शकीय वाटचाल सुरू झाली. पुढे अनेक वर्षे ते अल्प खर्चाचे मारधाडपट काढीत राहिले. हा प्रेक्षक प्रामुख्याने कष्टकरी होता आणि दादा त्याच्यातलेच एक होते. सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला राज कपूर यांनी दिला, आणि ‘अलबेला’ जन्मास आला.

रंगभूमीची स्वप्ने पाहणाऱ्या एका गरीब तरुणाची ही कथा. गीता बाली यांच्यासारख्या चपळ अभिनेत्रीसमोर स्थूल बांध्याचा हा नायक उभा राहिला. गुडघे किंचित वाकवून, हात हलकेच झुलवीत टाकलेली त्यांची पावले कुणालाही जमावीत इतकी सोपी होती. प्रेक्षकाला आपणही नाचू शकतो असे वाटले, यातच त्यांचे यश होते.

संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचे होते. पाश्चात्त्य ठेक्यांचे त्यांना मोठे आकर्षण. त्या कामी त्यांच्या साथीला होते चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड चालविणारे हे ट्रम्पेटवादक ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. गोव्याच्या चर्चशाळांत मुले स्वरलिपी वाचायला शिकत. प्रार्थनासंगीतासाठी मिळालेली ती विद्या पुढे मुंबईच्या स्टुडिओंत उपयोगी पडली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी वाद्यमेळ रचले, शेकडो वादकांनी ते वाजविले. परंतु गाणे गुणगुणणाऱ्यांना त्यांची नावे क्वचितच ठाऊक झाली. आपल्याच माणसांची ही नावे आम्हीदेखील किती जपली, हा प्रश्न मनाला टोचतो.

‘झमेला’ (१९५३) आणि ‘भागम भाग’ (१९५६) त्याच वाटेने गेले, पण ‘अलबेला’ची उंची पुन्हा लाभली नाही. दिवस फिरले. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या. दादा दादरच्या चाळीत परतले. ज्या पडद्यावर नायक म्हणून मिरवले, त्याच पडद्यावर ते लहानसहान भूमिका करू लागले. घोळक्यात क्षणभर नाचण्याचे काम मिळाले, तरी ते आपली तीच पावले टाकीत. पुढच्या पिढीत अमिताभ बच्चन यांच्या नृत्यावर त्या पावलांची छाप उमटली.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादांचे निधन झाले. वैभव त्यांना टिकविता आले नाही; लोकांना दिलेला आनंद मात्र टिकला. यापुढे मांडवात बँड वाजेल, तेव्हा दादांबरोबर त्या अनाम वादकांचेही स्मरण करू या. ते ऋण आपल्याच घरचे आहे.