ओडोमीटर ही बखर, इंजिन हे अस्सल पत्र

आजचा थ्रेड एका इंजिनाच्या इतिहासाचा आहे. निमित्त घरगुती आहे. धाकट्या मावसभावाने जुनी डिझेल स्विफ्ट हेरली आहे आणि घरची शिल्लक तिच्यात घालण्यापूर्वी इंजिन कितपत विश्वासाचे, हे त्याला जाणून घ्यायचे आहे. हा प्रश्न मेकॅनिकचा खरा. पण त्याची मुळे इटलीत आहेत.

डिझेल इंजिन दीर्घकाळ जहाजे, ट्रक आणि ट्रॅक्टर यांचेच मानले जाई. धूर, खडखडाट आणि वजन यांमुळे लहान मोटारीत ते शोभत नसे. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फमध्ये ते बसवले. आपल्याकडे १९९८ च्या अखेरीस पुण्याच्या टाटा इंडिकाने तो मार्ग रुळवला. तरीही आवाज ट्रॅक्टरचाच राहिला!

तो आवाज शमवला ‘कॉमन रेल’ने. सर्व सिलिंडरांना एकाच नळीतून अतिउच्च दाबाने इंधन पुरवण्याची ही पद्धत फियाटची संशोधन संस्था आणि मॅग्नेटी मारेली यांनी घडवली. उत्पादनाचा भार पेलण्यासाठी १९९४ मध्ये तिचे हक्क जर्मनीच्या बॉशला विकले गेले. १९९७ ची अल्फा रोमिओ १५६ हे तिचे पहिले मोठे अपत्य. ज्याने बीज पेरले त्याच्या कोठारात पीक फारसे गेले नाही.

फियाटने २००३ मध्ये १२४८ सीसीचे छोटे ‘मल्टिजेट’ आणले. एकाच ज्वलनचक्रात इंधनाचे अनेक सूक्ष्म फवारे, म्हणून आवाज सौम्य. भारतात २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आले. पुढे रिट्झ, इंडिका व्हिस्टा आणि पुंटो यांतही तेच धडधडू लागले. मारुतीसाठी ते हरियाणातील मानेसरला, तर फियाट आणि टाटांसाठी आपल्या रांजणगावला तयार होई. मोटारप्रेमींनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटले ते उगाच नव्हे. २०१० मध्ये पेट्रोलचे दर मुक्त झाले, डिझेलचे २०१४ पर्यंत नियंत्रित राहिले. त्या दरीतून डिझेल हॅचबॅकची लाट उसळली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आले आणि मारुतीने डिझेलच सोडले. म्हणून आज बाजारात दिसणारी प्रत्येक डिझेल स्विफ्ट किमान काही वर्षांची जुनी आहे.

आता छाननी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन पत्रांना अधिक प्रमाण मानले. ओडोमीटर ही बखरच: मागाहून कुणीही फिरवावी. सर्व्हिसच्या नोंदी हे पत्र. त्यांतील तारखा आणि किलोमीटर एकमेकांशी जुळतात का, ते पाहावे.

या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे. ती ठरावीक किलोमीटरांवर बदलावी लागत नाही, एवढेच ऐकून लोक निश्चिंत होतात. पण तिचे आयुष्य इंजिन ऑइलवर अवलंबून असते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल पडते आणि गार इंजिन सुरू होताना काही क्षण खळखळ ऐकू येते. म्हणूनच इंजिन गार असतानाच पाहणे अगत्याचे. आधीच तापवून ठेवलेली गाडी म्हणजे कागदावरची तारीख खरवडलेली!

धुराचा रंगही साक्ष देतो. निळा म्हणजे ऑइल जळते आहे, दोष टर्बोचा किंवा पिस्टन रिंगांचा. जोर देताना दाट काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही, इंजेक्टर किंवा हवेचा मार्ग तपासावा. सुरुवातीचा पांढरा धूर क्षम्य. इंजिन तापल्यावरही टिकला तर सावध व्हावे. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून पाहावे; आतून वाफेसारखा जोराचा झोत येत असेल तर सिलिंडर झिजले असण्याचा संशय बळावतो. मात्र डिपस्टिकवरचे ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेलमध्ये ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळवंडते. या एका गैरसमजापायी चांगल्या गाड्या नाकारल्या जातात.

आरसी पुस्तकावर पहिल्या नोंदणीचे शहरही वाचावे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव केला. तिथल्या गाड्या अन्य राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. त्या वाईटच असतील असे नाही, पण किंमत ठरवताना ते ठाऊक असावे.

आम्ही रविवारी सकाळी सातला निघतो आहोत. त्याआधी गाडी सुरू करू नका, असे विक्रेत्याला कळवले आहे.